अरबी पानावरचा धावदोरा

घोटावडे, १८ जानेवारी २००९, रविवार

अमोघ,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून राहिलेलं नाही.

हे ऑफिसच्या मेलवर लिहिता येत नाही, तिथे मनीष सगळं वाचतो. टीम लीड झाल्यापासून तो इतरांच्या वाट्याचंही वाचतो. घरी सकाळपासून लाइट नाही, आणि लाइट येते तेव्हा नेट जातं. म्हणून कागद घेतला. तुझा मस्कतचा पत्ता तुझ्या आईंना बार्शीला फोन करून मागितला. नवऱ्याचा पत्ता सासूकडून मागण्यात मला काही गंमत वाटली नाही, त्यांनाही वाटली नसावी. त्यांनी नुसतं "घे लिहून" म्हटलं.

त्यांनी आणखी एक सांगितलं. तुझा करार मार्चअखेर संपतो आणि पुढच्या दोन वर्षांच्या कागदावर तुला एकतीस मार्चला सही करायची आहे. हे मला तुझ्याकडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तुझ्याकडून मला आता एकाच प्रकारे काही कळतं, ते म्हणजे बग-लिस्टमध्ये, तुमच्या पांघरुणांच्या दुकानाच्या साइटमधल्या चुकांच्या यादीत.

तर त्याच विषयावर येते. काल तू तो बग पुन्हा उघडलास. शनिवारी. तुमच्याकडे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असते, ठीक आहे, पण माझी शनिवार-रविवारची असते हे तुला चांगलं ठाऊक आहे. तुझा शेरा नेहमीसारखाच इंग्रजीत आणि एका ओळीचा: अरबी पानांवरची सजावट गेली आहे, कृपया दुरुस्त करा. 'कृपया'बद्दल आभारी आहे.

तुला माहीत असलेलंच सांगते, कारण तू माहीत नसल्यासारखा वागतोस. अरबी उजवीकडून डावीकडे चालते, म्हणून सगळं पानच उलटं फिरवावं लागतं. मेनू डावीकडचा उजवीकडे, चित्रं उजवीकडची डावीकडे. कंपनीने त्यासाठी एक टूल घेतलंय. ते आपली मूळ स्टाइलची फाइल वाचतं, डाव्याचं उजवं करतं आणि अरबीसाठी नवी फाइल बनवून देतं. पानाभोवतीच्या आपल्या चौकटीसारख्या हाताने केलेल्या गोष्टी त्याला कळत नाहीत, त्या ते अर्धवट फिरवतं. मग मी त्या नव्या फाइलमध्ये बसून एकेक ओळ सरळ करते. संध्याकाळी तुमच्याकडून भाषांतरातला एखादा शब्द बदलून येतो, टूल पुन्हा चालतं, फाइल पुन्हा नव्याने बनते आणि माझं दिवसभराचं काम पुसलं जातं. सकाळी तू बग उघडतोस. असं हे गेला महिनाभर चाललंय.

मनीष म्हणाला, "अगं, ती बॉर्डरच काढून टाक ना. रेडीमेड टेम्प्लेट लावू. क्लायंटला काय फरक पडतो?" तुमच्या दुकानाच्या मॅनेजरनेही तेच कळवलंय: मार्चअखेरपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर सगळ्या साइटवरून चौकट काढून तयार साचा लावा. म्हणजे इंग्रजी पानांवरूनही जाणार. मी मनीषला म्हटलं, जमेल. का म्हटलं ते त्याला सांगितलं नाही.

आपल्या घरमालकीण लीलाबाई रोज विचारतात, पोराचा फोन आला का. मी सांगते, कामात असतो.

क्षितिजा


घोटावडे, १ फेब्रुवारी २००९, रविवार

अमोघ,

पत्र पोचलं असेल, नसेल. उत्तर नाही. बग मात्र दोनदा उघडला गेला.

आज ओट्यावर बसून लिहितेय. समोर लीलाबाईंनी गोधडी अंथरली आहे. किशोरच्या पोरीसाठी शिवतायत. किशोर म्हणजे त्यांचा मुलगा हे तुला आठवत असेल अशी आशा आहे, दोन वर्षं त्याच्या बापाच्या खोलीत राहिलास. भात निघालंय, खाचरं मोकळी आहेत, बायांना वेळ आहे, त्यामुळे गावभर गोधड्या निघाल्यात.

इथेच बसून तू ती चौकट काढली होतीस. मस्कतच्या पांघरुणांच्या दुकानाची साइट आपल्या कंपनीकडे आली आणि सगळ्यांनी उंट, खजूर आणि सोनेरी नक्षी सुचवली. तू म्हणालास, पांघरुणाचं दुकान आहे ना, मग पांघरूणच दाखवू. लीलाबाई कोपऱ्यातून टाका घालायला सुरुवात करतात, कडेकडेने फिरत राहतात, आणि फेरा पुरा होईपर्यंत दोरा तुटू देत नाहीत. संपला तर नवा त्याच टाक्यात जोडून घेतात. तू तसाच लाल धावदोरा पानाच्या चारही कडांनी फिरवलास. कोपऱ्यात कापडाचा छोटा त्रिकोण, तिथून दोरा निघतो, पानाला वळसा घालून त्याच त्रिकोणात येऊन मिळतो. तू चित्र काढलंस, मी ते पानावर बसवलं. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये दोरा हलायचा म्हणून मी आठवडाभर रडकुंडीला आले होते आणि तू चहा करून देत होतास. तुझा चहा पाणचट असायचा.

ते काम त्या दुकानवाल्यांना इतकं आवडलं की त्यांनी तुलाच उचलून नेलं.

आता अरबी पानावर काय होतं ते ऐक. त्रिकोण उजवीकडे वर जातो, बरोबर आहे, अरबी वाचणारा तिथूनच सुरुवात करणार. वरचा दोरा बरोबर फिरतो. पण खाली डाव्या कोपऱ्यात येऊन तुटतो. टूलने तीन कडा फिरवल्या आणि चौथी जुन्या जागी ठेवली. बोटभर जागा मोकळी राहते. मनीषला ती दिसतही नाही. मला दुसरं काही दिसत नाही.

लीलाबाईंना सांगितलं की दोरा कोपऱ्यात तुटतोय. त्या म्हणाल्या, "मंग कोपऱ्याचं काम निराळं धरावं गं. म्या कोपरं आदी घालून ठिवते, मंग फिरते." मी म्हटलं, संगणकात तसं नसतं. त्या म्हणाल्या, "नसंल. मला काय ठावं." आणि सुई ओवायला माझ्याकडे दिली.

तू विचारणार नाहीस, तरी सांगते. मी मस्कतला येणार की नाही हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. सप्टेंबरात तू लीलाबाईंना सांगितलंस, आम्ही दोघं खोली सोडतोय, महिनाअखेर रिकामी होईल. मला ते लीलाबाईंकडून कळलं, नळावर, हंडा भरताना. आपण दोघं जातोय हे मला नळावर कळलं. त्यावर मी जे काही बोलले ते बोलले. तू एकटा गेलास.

मी 'मला फोन करू नकोस' म्हटलं होतं. म्हणजे करायचाच नाही, असा अर्थ तू कुठून काढलास?

क्षि.


घोटावडे, १५ फेब्रुवारी २००९, रविवार

अमोघ,

आज मला तुझा खरोखर राग आलाय, आधीचा सगळा सराव होता.

बुधवारी माझ्या हाताने मी चौथी कड सरळ केली. दोरा जोडला गेला. भाषांतर गोठवलं, टूल चालू नये म्हणून सगळ्यांना मेल केली, मनीषने वर 'प्लीज नोट' लावून ती पुढे पाठवली. गुरुवार-शुक्रवार तुमची सुट्टी, म्हणून शांतता होती. काल सुट्टी असून सकाळी ऑफिसात गेले, तर बग उघडलेला. मला वाटलं, पुन्हा दोरा. नाही. तुझा शेरा होता: मुख्य पानावरचा फोटो. चुकीचा हात.

एवढंच. चुकीचा हात म्हणजे काय? मी तासभर त्या फोटोकडे पाहत बसले. लीलाबाई गोधडी शिवतायत, फक्त हात आणि कापड. तूच काढलेला फोटो. अरबी वाचणाऱ्या माणसाला कुठल्या हाताशी काय देणंघेणं? मी ठरवूनच टाकलं की हा मुद्दाम खुसपट काढतोय. इथून उठून तिकडे नोकरी धरली, आता मला नाचवतोय.

संध्याकाळी लॅपटॉप घरी आणला आणि लाइट आल्यावर लीलाबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, जरा वेळ पाहिलं आणि हसायला लागल्या.

"म्या डावरी कंदी झाले?"

मग आपला डावा हात पुढे केला. तर्जनीचं पेर नाही. कडबा कटरमध्ये गेलं होतं, त्यांच्या लग्नानंतरच्या वर्षी, ही गोष्ट त्यांनी आपल्याला पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. फोटोत ते तुटकं बोट उजव्या हाताला दिसत होतं आणि सुई डाव्या हातात. टूलने पानाबरोबर फोटोही उलटा केला होता. मी दोन महिने त्या पानावर काम करतेय, त्यांच्या हातचा चहा रोज घेते, आणि मला ते दिसलं नाही.

"तितं कुणी वळखलं गं हे?" लीलाबाईंनी विचारलं.

"अमोघने."

"व्हय?" त्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. "लई बारीक नजर हाय त्याची. मंग फोन का करत न्हाई?"

तुला लीलाबाईंचं तुटकं बोट कुठल्या हाताचं ते समुद्रापलीकडून दिसतं. माझ्या डाव्या हाताला दिवाळीत भाजलं होतं, तुझ्यादेखत नव्हे, तू गेल्यावर, ते तुला ठाऊक नाही. विचारलं असतंस तर कळलं असतं. डाग आता गेला.

फोटो सरळ केलाय. तपास आणि बंद कर.

क्षितिजा


घोटावडे, १५ मार्च २००९, रविवार

अमोघ,

जमलं.

लीलाबाईंचं म्हणणं डोक्यात राहिलं होतं, कोपऱ्याचं काम निराळं धरावं. दहा-बारा दिवसांपूर्वी बसमध्ये, माणच्या वळणावर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, तेव्हा ते डोक्यातून बाहेर आलं. टूल ज्या फाइलला हात लावतं तिच्यात मी माझं काम ठेवायचंच कशाला? चौकट, त्रिकोण, दोरा, फोटो, जे जे हाताने केलंय ते सगळं उचलून मी एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये टाकलं. टूलला ती फाइल दाखवलीच नाही. ती सगळ्यांच्या शेवटी लागते. टूलने आपली फाइल दिवसातून दहा वेळा बनवावी, माझी जागची हलत नाही. आठवडाभर झाला, तुमच्याकडून शब्द बदलून येतायत, दोरा अखंड आहे. मनीष म्हणाला, "बेस्ट. पण हे आधी का नाही सुचलं?" त्याला काही बोलले नाही, त्याचं प्रमोशन जवळ आलंय.

हे काही फार मोठं नाही. शहाण्या माणसाने पहिल्या दिवशी असंच केलं असतं. मी चिडलेली होते आणि चिडलेला माणूस तेच तेच पुन्हा करतो.

आता तुझ्याकडे येते. मंगळवारी मी लिहिलं, दुरुस्त झालं, तपासा. बुधवारी तू बग उघडलास: 'आमच्याविषयी' या पानावर डावीकडचा दोरा दिसत नाही.

मी धावत ते पान उघडायला गेले. अमोघ, अरबीत 'आमच्याविषयी' हे पानच नाही. तुमच्याच मॅनेजरने ते फेब्रुवारीत काढून टाकायला लावलं. त्याचा पत्ता टाकला की पान सापडत नाही असा संदेश येतो. नसलेल्या पानावर तुला नसलेला दोरा दिसला.

मग मी तुझे जुने सगळे शेरे काढून पुन्हा वाचले. पहिले काही खरे होते. फोटोचा तर खराच होता. पण मधले? रंग किंचित फिका वाटतो. त्रिकोण कदाचित थोडा मोठा. अक्षरांमधली जागा पुन्हा पाहावी. त्यातल्या निम्म्यांवर मी त्या वेळी काही बदललंच नव्हतं, नुसतं 'पाहिलं, ठीक आहे' लिहिलं, आणि तू 'धन्यवाद' लिहून दोन दिवसांनी दुसरं काहीतरी काढलंस.

तर असं आहे. बग बंद झाला की तुला मला लिहिण्याचं निमित्त उरत नाही. म्हणून तो बंद होऊ द्यायचा नाही. आणि मी इथे रडकुंडीला येऊन दोरा जोडत बसले. तुझ्या या वागण्याचं मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तोंडावर उशी घेऊन ओरडावंसं वाटलं. माणसाला फोन करायचा असेल तर माणूस फोन करतो. बायकोला बग टाकत नाही.

बग मी आज बंद करतेय. कारण म्हणून लिहिलंय: पान अस्तित्वात नाही. आता तो पुन्हा उघडू नकोस. आता तुझ्याकडे मला लिहायला काही कारण नाही. लिहायचं असेल तर विनाकारण लिही.

एकतीस तारीख जवळ आलीय. मी तुला सही कर म्हणणार नाही आणि करू नकोसही म्हणणार नाही. ठरवण्याआधी मला विचारावं एवढंच माझं म्हणणं सप्टेंबरातही होतं. मी त्या वेळी ते इतक्या नीट बोलले नव्हते, पण म्हणणं तेच होतं.

इथे डोंगरावर वणवे लागलेत, ओट्यावर रोज काळी राख येते. लीलाबाईंची गोधडी पुरी झाली. किशोरच्या पोरीने तिच्यावर पहिल्याच दिवशी दूध सांडलं.

क्षितिजा


घोटावडे, १ एप्रिल २००९, बुधवार

अमोघ,

तू बग उघडला नाहीस. पंधरा दिवस मी रोज सकाळी पहिल्यांदा ती लिस्ट उघडत होते. शनिवारी घरून, शेजारच्या सायबर कॅफेत जाऊन उघडली. तिथल्या पोराने विचारलं, निकाल लागलाय का मॅडम. मी व्हय म्हटलं.

पाडवा गेला. फोन नाही. पत्र नाही. मी ठरवून टाकलं की सही झाली. काल एकतीस तारीख होती. मनीषने मिठाई वाटली, अरबी साइट सुरू झाली म्हणून. तुमच्या मॅनेजरची मेल आली की चौकट फार सुंदर दिसते, गिऱ्हाइकं तिच्याबद्दल विचारतात. मी पेढा खाल्ला नाही, बॅगेत ठेवला.

संध्याकाळी बसमधून उतरून घरी आले तर लीलाबाई दारातच उभ्या.

"अमोगचा फोन आलता."

मी आत जाऊन मोबाइल पाहिला. काही नव्हतं.

"तुज्यावर न्हाई गं. हितं, आमच्या फोनवर. दुपारच्याला."

म्हणजे मी 'मला फोन करू नकोस' म्हटलं होतं, तर तू लीलाबाईंना केलास. तुझ्या या आज्ञाधारकपणाचं मी काय करू?

"काय म्हणाला?"

"आदी माज्या बोटाचं इचारलं. मंग म्हनला, सही न्हाई केली. मे म्हयन्यात परत येतुया. मंग इचारलं, मावशी, खोली रिकामी हाय का?"

मी तिथेच पायरीवर बसले. मला रडू येत होतं आणि तुला बडवावंसंही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी. तू सही केली नाहीस. एवढं मोठं तू ठरवलंस, आणि ते मला पुन्हा लीलाबाईंकडून कळलं. मागच्या वेळी नळावर, या वेळी पायरीवर.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्या काय सांगनार? म्हनलं, घरात हाय तिलाच इचार. मंग फोन ठिवला."

लीलाबाईंना पेढा दिला. त्यांनी अर्धा मोडून मला परत दिला.

रात्रभर विचार केला आणि आज ऑफिसात गेल्या गेल्या मी तो बग स्वतः उघडला. इतके दिवस तो तू उघडायचास आणि माझ्या नावावर यायचा, या वेळी मी तो तुझ्या नावावर टाकलाय. शेरा मराठीत लिहिलाय. मनीषने वाचला आणि विचारलं, हे कुठल्या पानाबद्दल आहे. मी म्हटलं, अमोघला कळेल.

पत्र तुझ्यापर्यंत पोचायला दिवस लागतील, तोवर तू तो शेरा वाचलेला असशील. तरी माझ्या अक्षरात असावा म्हणून इथे पुन्हा लिहिते.

खोली रिकामी नाही. तिच्यात मी राहते. यायचं असेल तर मला विचार.

क्षितिजा